मुकादमाच्या रक्तातला चुना

१

त्या सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरने राखबाईच्या डोळ्यांत थेंब घातले होते, म्हणून पहिला पुरावा तिला दिसला नाही, पायाखाली आला. भावाच्या स्वयंपाकघरात तिने पाऊल टाकलं आणि चपलेखाली काहीतरी करकरलं. वाकून चाचपलं तर प्लास्टिकचे तुकडे हाताला लागले. बोट नाकाशी नेलं. संत्र्याचा वास.

"मुकादम," तिने हाक मारली.

टेबलाखालून शेपटी एकदाच आपटल्याचा आवाज आला. एकदाच म्हणजे गुन्हा कबूल.

मुकादम हा अकरा किलोचा, नऊ वर्षांचा तपकिरी कुत्रा. मागच्या डाव्या पायाने लंगडा, हृदयाची एक झडप गळकी. कामं दुसऱ्यांनी करायची आणि याने मान वर करून देखरेख करायची, म्हणून नाव मुकादम. राखबाई त्याच्यासोबत वरच्या मजल्यावर राहायची. खाली तिचे दादा-वहिनी आणि चौऱ्याऐंशी वर्षांची आई. बाहेर जाताना ती कुत्र्याला खाली सोडून जाई. लग्न केलं नाही, मूलबाळ नाही, आणि मला कुणाची सवय नाही असं ती सगळ्यांना ठणकावून सांगे. मुकादमाला मात्र हे कुणी कळवलं नव्हतं.

राखबाई हे काही पाळण्यातलं नाव नव्हे. अग्निशमन खात्यात तिने तीस वर्षं एकच काम केलं. आग विझली, की जळक्या खोलीत शिरायचं आणि ती सुरू कुठे झाली ते शोधून काढायचं. बंबवाले घरी जाऊन जेवत, तेव्हा ही राखेत बसलेली असे. नाव तिथे पडलं आणि निवृत्तीनंतरही चिकटून राहिलं.

"अगं बाई!" वहिनी दारातच थबकली. "अहो, इकडे या आधी! मुकादमाने तुमच्या गोळ्यांची बाटली फोडली!"

दादा पुढच्या खोलीत सूट शिवायचा. तो गळ्यातल्या टेपसकट धावत आला. "मी खुर्चीवर ठेवली होती गं. दोनच मिनिटं."

"तुमची दोन मिनिटं मला चांगली माहीत आहेत. वन्सं, मी मिठाचं पाणी करते. घोटभर पाजलं की भडाभडा ओकेल."

"काही पाजायचं नाही," राखबाई म्हणाली. "दादा, जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लाव."

बाईंनी फोनवर मोजके प्रश्न विचारले. काय खाल्लं? किती? कधी? वजन किती? घरच्या घरी ओकारी काढू नका, मीठ तर अजिबात नको, बाटलीचे सगळे तुकडे घेऊन या. आणि निघण्याआधी लेबल वाचा. चघळायच्या गोळ्यांत कधीकधी एक गोड द्रव्य घालतात. माणसाला ते चालतं, कुत्र्याला नाही. ते असेल तर अर्ध्या तासात कुत्रा कोसळू शकतो.

राखबाईने लेबलाचा तुकडा डोळ्यांशी धरला. सगळी अक्षरं धुक्यात. जन्मभर पुरावे वाचून पोट भरलेली बाई नेमकी आज अडाणी झाली होती. तिने तुकडा दादाकडे दिला.

"क जीवनसत्त्व, संत्र्याचा स्वाद," दादा वाचू लागला. "गोडीसाठी..." आणि तो थांबला.

"गोडीसाठी काय?"

"पुढचं त्याने खाल्लंय."

२

गाडीत मुकादम राखबाईच्या मांडीवर होता आणि ती त्याचे श्वास मोजत होती. मध्येच आकडा चुकायचा, की पुन्हा एकपासून सुरुवात. आईही आली होती. "घरात एकटी बसून मी काय करू, भिंती मोजू?" असं म्हणून ती आधीच मागच्या सीटवर जाऊन बसली होती. दवाखान्याच्या सात पायऱ्या मात्र तिच्या गुडघ्यांना झेपण्यासारख्या नव्हत्या. ती गाडीतच राहिली, दार उघडं ठेवून.

बाईंनी कुत्र्याला आत नेलं. बाहेर प्लास्टिकच्या चार खुर्च्या, जनावरांचा वजनकाटा, फिनेलचा वास, आणि भिंतीवर गोचिडीचं ताटाएवढं चित्र. राखबाईला ते सुदैवाने नीट दिसत नव्हतं. वहिनी एकसारखी पदर पिळत होती. दादाने टेप गळ्यातून काढून बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

वीस मिनिटांनी बाई बाहेर आल्या, हातात स्टीलचा ट्रे.

"इंजेक्शनने ओकारी काढली. सतरा गोळ्या, बऱ्याचशा अख्ख्या. आणि हे तुमचं उरलेलं लेबल. साधी साखर आहे. जुलाब होतील दोन दिवस, त्यापलीकडे काही नाही."

वहिनीला रडू फुटलं. दादा म्हणाला, "बघ, मी म्हणत होतो," आणि तो काय म्हणत होता हे कुणी विचारलं नाही.

राखबाईने उठून पर्स घेतली. जाता जाता, केवळ बोलायचं म्हणून, ती म्हणाली, "आता त्याला तहान लागेल नाही? तशीही हल्ली फार लागते."

बाईंचा ट्रे हलायचा थांबला. "फार म्हणजे?"

"तीनदा भांडं भरते दिवसातून. चटईही ओली करतो. उकाडा आहे, वयही झालंय."

"कधीपासून?"

"तीन आठवडे झाले असतील."

"बसा," बाई म्हणाल्या. "मी रक्त घेते."

पुन्हा त्याच खुर्च्या. आतलं यंत्र पंधरा मिनिटं घरघरत राहिलं. बाई आल्या त्या कागद घेऊन, आणि त्या बसल्या. डॉक्टर उभ्याने बोलला तर बरं, बसून बोलला की धडगत नाही, हे राखबाईला माहीत होतं.

"आजची बाटली निर्दोष आहे," बाई म्हणाल्या. "पण तुमच्या कुत्र्यावर विषप्रयोग होत असावा. आणि तो आजचा नाही."

३

"साध्या भाषेत सांगते. त्याच्या रक्तात चुना वाढलाय, कॅल्शियम. बराच. असा चुना तासाभरात चढत नाही, एखादा दिवस तरी लागतोच. म्हणजे आजच्या गोळ्यांनी हे झालेलं नाही. हा चढतो ड जीवनसत्त्वाने. माणसाच्या ताकदीच्या कॅप्सूल, उंदीर मारायच्या काही वड्या, त्वचेच्या रोगावरची काही मलमं, यांत ते भरपूर असतं. कुत्र्याच्या पोटात गेलं की मूत्रपिंडं गिळतं."

"आणि यातलं काहीच नसेल तर?" राखबाईने विचारलं.

"मग आतली गाठ. कॅन्सर. त्यानेही अगदी असाच चुना वाढतो."

कुणीतरी खुर्ची सरकवली. बहुतेक दादाने.

"दोन्ही धरून औषध द्या ना," वहिनी म्हणाली.

"सलाईन लावलंय. पण हृदयामुळे थेंबथेंबच सोडावं लागतंय, तेवढ्याने भागणार नाही. विष असेल तर पुढचं औषध आजच द्यायला हवं. आणि गाठ असेल, तर तेच औषध गाठ झाकून टाकतं, मग ती तपासात सापडत नाही. एकाच वेळी दोन्ही करता येणार नाही मला. तासाभरात सांगा." बाई उठल्या. दाराशी वळून म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका, पण तुमच्या घरात गुन्हेगार निघाला तर बरं. विषावर उपाय आहे."

राखबाईने आजवर कितीतरी घरांत गुन्हेगार शोधला होता आणि दर वेळी मनातून वाटायचं, या लोकांपैकी कुणी नसावं. आज ती हात जोडून मागत होती, कुणीतरी असू दे. भाऊ असू दे, वहिनी असू दे, मीच का असेना. गाठ नको.

"घरात यातलं काय काय आहे?" तिने विचारलं.

"काही नाही," दादा म्हणाला. फार पटकन.

"आईंच्या हाडांच्या कॅप्सूल आहेत," वहिनी म्हणाली. "पण त्या माझ्या कुलपात. किल्ली या साखळीत. आठवड्याला एक, बारा आणल्या होत्या. नऊ रविवारी नऊ दिल्या, तीन उरल्यात. कालच मोजल्या. मी स्वतः हातावर ठेवते, पाण्याचा पेला देते आणि वळून भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करते. एकही इकडची तिकडे नाही."

"आणि उंदरांच्या वड्या?"

"छे! तुम्हीच बंदी घातलीय ना," वहिनी म्हणाली, आणि तिचा पदर पुन्हा पिळला जाऊ लागला.

थेंबांमुळे राखबाईला चेहरे दिसत नव्हते. पण पिळणाऱ्या पदराचा आवाज येत होता, आणि दादाच्या अंगाला औषधी तेलकट वास येत होता. दोघंही खोटं बोलत होते.

४

तिने दादाला बाहेर, पायऱ्यांवर नेलं.

"दादा, या उकाड्यात पूर्ण बाह्या?"

"शिवणारा माणूस आहे मी. नीटनेटकं राहावं लागतं."

"बाही वर कर."

"काहीतरीच काय!"

"दादा, मला वास येतोय. तू कर, नाहीतर मी करते. लहानपणी मी चावायचे, आठवतंय ना?"

त्याने बाही वर केली. धुक्यातूनही कोपराभोवतीची लाली दिसली; बोटांना खपल्या लागल्या, त्यांच्यावर मलमाचा थर. दादाने घसा खाकरला. "दुसऱ्याला लागत नाही हा रोग. डॉक्टर म्हणाला तसं. पण मी माणसाच्या अंगाला हात लावून माप घेतो गं. एकाने बघितलं की गावभर होईल. हिलाही सांगितलं नाही."

"मलम कसलं?"

"ड जीवनसत्त्वाचंच." "आत बाईंनी नाव घेतलं तेव्हा पायाखालची जमीन सरकली माझ्या. मुकादम चाटतो मला कधीकधी. मी मारलं का त्याला?"

सापडला. देवा, सापडला. "कधीपासून लावतोस?"

"रविवारपासून. चार दिवस झाले."

"त्याआधी?"

"आधी साधं खोबरेल. ही ट्यूब पहिलीच."

चार दिवस. आणि तहान तीन आठवड्यांची. ज्या घरात रात्री आग दिसली, तिथे पहाटे आलेल्या माणसाने ती लावलेली नसते. दादा सुटला. भाऊ निर्दोष निघाला म्हणून तोंड कडू व्हावं, असा दिवस तिने कधी पाहिला नव्हता.

"त्याला हात लावण्याआधी यापुढे साबणाने धुवायचे," ती म्हणाली. "आणि वहिनीला सांग. बायको आहे ती, गिऱ्हाईक नाही."

दादा पायरीवरच बसून राहिला. "माझ्या हातून कुणाचंच धड होत नाही बघ. आईचं तरी काय? नऊ रविवार कॅप्सूल दिल्या, परवा रक्त तपासलं तर आकडा होता तिथेच. काही म्हणजे काही अंगी लागत नाही तिच्या."

राखबाईने हो म्हटलं, पण तिचं लक्ष घड्याळाकडे होतं. चाळीस मिनिटं उरली होती, आणि आतून वहिनीची हाक आली होती. हाक कसली, हुंदकाच तो.

५

"वन्सं, माझी चूक पदरात घ्या," वहिनी म्हणाली. "ठेवल्यात मी वड्या."

"कुठे?"

"कोठीच्या खोलीत, पिंपामागे. उंदराने माझं पीठ कुरतडलं हो. तुम्ही नको म्हणाला होतात, पण तुम्ही वर राहता, उंदीर खाली राहतात!"

"कधी ठेवल्या?"

"महिना झाला."

महिना! तहानेच्या आठवडाभर आधी. राखबाईने वहिनीचा दंड धरला. रागावायचं राहूनच गेलं. रागापेक्षा आशा मोठी होती. "कुठल्या वड्या? नाव सांगा."

"नाव कुठलं आठवतंय! पण फोटो आहे. दुकानदाराला दाखवायला काढला होता."

दोघी जवळजवळ धावतच आत गेल्या. बाईंनी फोन हातात घेतला, खोक्याचा फोटो बोटांनी मोठा केला आणि वाचत राहिल्या. टेबलावर मुकादम पडला होता, पुढच्या पायात सुई, नळीतून थेंब... थेंब. त्याने राखबाईकडे बघितलं. शेपटी हलवायची राहिली.

"हे वेगळं विष आहे," बाई म्हणाल्या. "याने रक्त गोठत नाही. चुन्याशी याचा संबंध नाही. वड्या किती होत्या?"

"सहा. रोज बघते. सहाही जागेवर आहेत."

बाईंनी कुत्र्याचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. "रक्तस्राव कुठेच नाही. हे नव्हे." मग हळू म्हणाल्या, "घरी गेल्यावर आधी ते उचला मात्र."

वहिनी हायसं वाटून भिंतीला टेकली आणि दुसऱ्याच क्षणी तिला कळलं, की हायसं वाटायचं कारण नाही. तिने तोंडावर हात धरला.

"पंचवीस मिनिटं," बाई म्हणाल्या. "मी गाठीच्या तपासणीची तयारी करू का?"

राखबाई काही न ठरवताच बाहेरच्या खुर्च्यांकडे वळली.

६

ती खुर्चीत बसली आणि तिने डोळे मिटले. तसेही ते उपयोगाचे नव्हते.

खात्यात नव्या पोरांना ती एकच धडा शिकवायची. ज्वाळा दिसतात तिथे आग लागलेली नसते. पडदा धडाधड पेटतो, म्हणून सगळे पडद्याकडे बोट दाखवतात. आणि ठिणगी असते कपाटामागे, तासन्‌तास धुमसत, कुणाच्या नजरेत न भरता. आजची बाटली हा पडदा होता. मलम, वड्या, हेही पडदेच. आता धुमसणारं काय उरलं?

कॅप्सूल. पण त्या कुलपात, किल्ली साखळीत, बारातून नऊ गेल्या, तीन उरल्या. चोरी झालीच नाही. कुलपातून एकही कॅप्सूल चोरून गेलेली नाही...

मोजून गेल्या. नऊ. दर रविवारी एक. आईच्या हातावर.

आणि दादा काय म्हणाला? आईचा आकडा होता तिथेच आहे.

राखबाईने डोळे उघडले. जिच्या रक्तात त्या पोचायला हव्या होत्या, तिथे त्या पोचल्या नाहीत. ज्याच्या रक्तात नको होत्या, तिथे भरल्यात. एका घरून माल गेला आणि शेजारी सापडला, तर मधे कोण आहे हे विचारायला पोलीस कशाला हवा? आणि वहिनी तर स्वतःच सांगून मोकळी झाली होती, की खूण करायला ती भिंतीकडे वळते. रविवारी सकाळी मुकादम जिन्यावरून एकेक पायरी करत आपणहून खाली जातो, याचंही राखबाईला कौतुकच वाटत आलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

ती सात पायऱ्या उतरली. गाडीचं दार उघडंच होतं.

"काय गं, निघायचं का?" आई म्हणाली. "बरा आहे ना? त्या आंबटगोड गोळ्यांनी काय होतंय!"

"आई, तू मुकादमाला काही खायला घालतेस?"

"मी? एक घासही नाही. तुम्ही सगळे टपलेलेच असता."

"घास नाही. औषध."

आईने शालीच्या टोकाची गाठ सोडली आणि पुन्हा मारली.

आईवर ओरडायचं राखबाईने कधीच सोडून दिलं होतं. लहानपणापासून त्याचा उपयोग झाला नव्हता. ती शेजारी बसली आणि जे होतं ते सांगून टाकलं. चुना, विष, आणि विष नसेल तर गाठ. गाठ असेल तर तो जाईल. "मला आज गुन्हेगार हवाय, आई. कुणी काही दिलं असेल तर मुकादम वाचेल. कुणीच दिलं नसेल तर नाही. मी कुणाला एक शब्द बोलणार नाही. फक्त असू दे कुणीतरी."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. त्याचा आवाज विरेपर्यंत आई समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत होती.

"सहा," ती म्हणाली.

७

"पहिल्या तीन मी गिळल्या. दिवसभर तेलकट ढेकरा. मग ठरवलं, मला काय करायचीत आता मजबूत हाडं? गालात धरायची, सून कॅलेंडरकडे वळली की बाहेर. तो टेबलाखाली असायचाच. आवडीने खायचा गं. ताकदीची गोळी ती, ताकदीने कुणी मरतं का?" "जिन्यात तिसऱ्या पायरीवर थांबतो तो. वर बघत उभा राहतो. मी वर यायचे तेव्हा मीही तिथेच थांबायचे. म्हणून तुला म्हटलं होतं, त्याला काहीतरी औषध आण. तू म्हणालीस, वय झालं आई, आता दुखायचंच, त्याला औषध नसतं."

"मी कुत्र्याबद्दल बोलले होते."

"ठाऊक आहे मला, तू कुत्र्याबद्दल बोलली होतीस."

राखबाईला ते वाक्य आठवतसुद्धा नव्हतं.

"मी मारलं का गं त्याला?" आईने विचारलं. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, पण स्वर पाटी फोडलेल्या पोरीचा.

राखबाईने तिला मिठी मारली. घट्ट, शालीसकट, हाडं टोचेपर्यंत. "तू वाचवलंस. तूच आहेस म्हणून बरं झालं आई, तूच आहेस म्हणून," असं ती रडत रडत म्हणत राहिली आणि मग भानावर येऊन सात पायऱ्या दोनदोन करत चढली. साठाव्या वर्षी, धूसर डोळ्यांनी, कठडा न धरता.

"सहा कॅप्सूल, सहा आठवडे, शेवटची या रविवारी," तिने दारातूनच सांगितलं. वहिनीने साखळीतली किल्ली मुठीत आवळली.

बाईंनी कॅप्सूलची ताकद विचारली, कागदावर भागाकार केला, कुत्र्याच्या वजनाशी ताडून पाहिला आणि मान डोलावली. "जमतंय. चरबीत साठतं हे, एकदम निघत नाही. पाचसहा दिवस इथे राहील. मूत्रपिंडं अजून शाबूत आहेत असं दिसतंय. खात्री आज देत नाही मी." मग त्यांनी हातमोजे चढवले आणि औषधाची कुपी फोडली.

तीन दिवस काहीच कळलं नाही. फोन वाजला की घरात चौघंही माना वळवायची आणि पलीकडून कुणीतरी सुटाची तारीख विचारायचं. दादा एकेकाला सौम्यपणे उत्तर द्यायचा आणि फोन ठेवून शिव्या घालायचा. चौथ्या दिवशी चुना उतरू लागला. सहाव्या दिवशी मुकादम घरी आला, हडकुळा, पुढच्या पायाचे केस भादरलेले. महिनाभर दर आठवड्याला रक्त तपासायचं होतं.

वहिनीने कोठीतल्या वड्या कधीच उचलून टाकल्या होत्या. दादाने साबणाने हात धुतले. बाह्या दुमडलेल्या होत्या आणि वहिनीने त्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. आई आपल्या खुर्चीत बसली होती, दोन्ही हात शालीत, आत, घट्ट.

मुकादमाने घरभर पाहणी केली. सगळे आपापल्या जागी आहेत याची खात्री पटल्यावर तो थेट तिच्याकडे गेला आणि त्याने हनुवटी तिच्या गुडघ्यावर ठेवली. आईचे हात बाहेर आले नाहीत.

"हात लावू का गं?" तिने विचारलं. "नुसता. काही नाही माझ्या हातात."

राखबाईने शालीतून तो हात बाहेर काढला. बोटांचे सांधे सुजलेले होते. कधीपासून, तिला माहीत नव्हतं. तिने तो कुत्र्याच्या डोक्यावर ठेवला, खुर्ची जवळ ओढली आणि आईसमोर बसली.

"तुला कुठे कुठे दुखतं?"

आईने संशयाने बघितलं. "हाही तपासच का?"

"हो."

"मग नीट टेकून बस," आई म्हणाली. "वेळ लागेल."